गच्चीवरचा सेन्सर दर उन्हाळ्यात ५२ डिग्री दाखवतो? नवीन घ्यायच्या आधी ग्राफ नीट बघा

एप्रिल लागला की आमच्याकडे हे दर वर्षी सुरू व्हायचं. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरचा टेम्परेचर सेन्सर एकदम व्यवस्थित, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या हवामान खात्याच्या आकड्याशी अर्ध्या-एक डिग्रीत जुळणारा, आणि एप्रिलचा दुसरा आठवडा आला की दुपारी ४६, मग ४८, आणि मे मधे सरळ ५२. पेपरमधे त्याच दिवशी नागपूर ४५. पहिल्या उन्हाळ्यात मी सेन्सर खराब समजून बदलला, दुसऱ्या उन्हाळ्यात परत बदलला, थोडा महागातला आणला, तरी तेच. तिसऱ्या वर्षी मात्र ठरवलं की आता एक रुपयाही खर्च करायचा नाही आणि नुसता ग्राफ घेऊन बसायचं, आणि त्यातून जे सापडलं ते इथे सगळं लिहून ठेवतो, कारण नागपुरात गच्चीवर असा सेन्सर लावणारे जे मला भेटले त्या सगळ्यांचं दुखणं हेच आहे.

मला हा आकडा बरोबर का पाहिजे ते सांगतो. मी सकाळी सायकल घेऊन निघतो, अंबाझरी, कधी गोरेवाडा, आणि घरच्या सेन्सरनं ३६ दाखवलं की फोनवर मेसेज येतो, मेसेज आला की परत फिरायचं असा नियम आहे. दुसरं म्हणजे बाबा. सत्तरी ओलांडली आहे आणि संध्याकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जातातच, ऐकत नाहीत. आधी विचारतात, "किती आहे रे वर?" आणि चाळीसच्या खाली आलं की जातात. आकडा चुकला तर एक तर ते उगाच थांबतात नाही तर भलत्या वेळी वर जातात. ५२ बघून ते म्हणाले होते, "काहून रे, हे काय दाखवून राहिलं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर हे आहे की सेन्सर हवेचं तापमान सांगतच नाही. तो स्वतःचं तापमान सांगतो. तो हवेइतकाच गरम राहील अशी सोय आपण करायची असते. त्याच्यावर ऊन पडलं, गरम भिंतीला चिकटला, बंद डब्यात कोंडला, शेजारी सर्किट तापलं, तर तो जे दाखवतो ते त्याच्या जागेचं तापमान असतं आणि तेवढ्यापुरतं बरोबरच असतं. मोठ्या स्टेशनांनाही आकड्यांचा त्रास होतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनचा आकडा ५६ आला होता, सगळीकडे बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानंच सांगितलं की तो सेन्सरच्या बिघाडामुळे होता. त्याच आठवड्यात दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ आला होता, तो आकडाही तपासणीत तीन डिग्रीनं जास्त निघाला. तेव्हा आपल्याकडे असं झालं तर घाबरायचं कारण नाही, पण शोधायचं मात्र पद्धतशीर.

सगळ्यात आधी अचूक ८५ किंवा उणे १२७ असे आकडे येतात का ते बघा, कारण हे प्रकरण सोपं आहे आणि त्याचा उन्हाशी काही संबंध नाही. डीएस१८बी२० नावाचा सेन्सर, स्टीलच्या कांडीत मिळतो तो, वीज चालू झाल्या झाल्या मोजणी न करता वाचला तर ८५ हाच आकडा देतो, ती त्याची सुरुवातीची ठरलेली किंमत आहे. पूर्ण बारा बिटची मोजणी करायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, कोडमधे तेवढं थांबला नाही तर चुकीचं वाचन येतं, आणि वायर ढिली असेल, मधेच क्षणभर वीज तुटली, तरी ८५. उणे १२७ म्हणजे सेन्सर वाचायला कोडमधे जी नेहमीची तयार लायब्ररी वापरतात तिला सेन्सर सापडलाच नाही. माझ्याकडे हे दुपारीच व्हायचं, म्हणून मी उन्हाला दोष देत होतो, निघाली जंपर वायरची ढिली पिन. सोल्डर केलं, डेटा आणि पॉझिटिव्हच्या मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर नीट लावला, प्रकरण संपलं. एवढं करूनही कोडमधे हे दोन आकडे फेकूनच द्या, नाही तर एक ८५ अख्ख्या दिवसाचं कमाल तापमान खराब करतो.

दुसरं, तुमच्याकडे निळा डीएचटी११ असेल तर तो काढा. त्याची मर्यादाच शून्य ते ५० डिग्री आहे आणि चूक दोन डिग्री इकडे-तिकडे. नागपुरात जिथे हवाच ४५-४६ ला जाते तिथे तो काठावर बसलेला आहे. शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे, आपल्या मे महिन्याला नाही. पांढरा डीएचटी२२ ८० पर्यंत जातो, अर्ध्या डिग्रीत असतो, पण त्याला दर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळा विचारू नका, मी तर पाच मिनिटांनी एकदाच विचारतो. मी आता एसएचटी३१ वापरतो आणि त्यावर समाधानी आहे. बीएमई२८० बद्दल एवढंच की त्याच्या नावाखाली पुष्कळदा बीएमपी२८० हातात येतो ज्यात आर्द्रता मोजायची सोयच नाही, चिपचा आयडी वाचून बघा, हेक्समधे ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी.

आता ग्राफ. फरक कधी पडतो हे बघायचं, किती पडतो ते नंतर.

पहाटे पाच वाजता बघा. ऊन नाही, कूलर बहुतेक बंद, हवा शांत. त्या वेळीसुद्धा सेन्सर तीन-चार डिग्री जास्त दाखवत असेल आणि जानेवारीतही पहाटे तेवढाच जास्त दाखवत असेल, तर गरमी तुमच्या सर्किटची आहे. नोडएमसीयू, म्हणजे सेन्सर वाचून आकडा वायफायवरून पाठवणारा छोटा बोर्ड, वायफाय चालू ठेवून सतत जागा असला की त्याचा रेग्युलेटर आणि चिप बऱ्यापैकी तापतात, आणि सेन्सर त्याच डब्यात दोन सेंटिमीटरवर असला की तो तेच मोजतो. तपासायला सोपी युक्ती आहे: अर्धा तास सगळं बंद ठेवा, मग चालू करून पहिलं वाचन लिहा, दहा मिनिटांनी दुसरं लिहा. माझ्या पहिल्या डब्यात या दहा मिनिटांत साडेतीन डिग्री चढले होते. उपाय म्हणजे सेन्सर वायरनं डब्याबाहेर किमान फूटभर लांब न्या, आणि डब्याच्या वर कधीच नाही, गरम हवा वरच जाते. बोर्डाला डीप स्लीपमधे टाका, पाच मिनिटांनी उठेल, आकडा पाठवेल, परत झोपेल. ईएसपी८२६६ ला, म्हणजे त्या बोर्डावरच्या चिपला, त्यासाठी डी० ही पिन रीसेटला जोडावी लागते, ती विसरली तर तो एकदा झोपतो तो उठतच नाही, आणि कोड अपलोड करताना ती वायर काढावी लागते, यात माझी एक संध्याकाळ गेली होती.

पाणी जाऊ नये म्हणून हवाबंद प्लास्टिकचा डबा घेऊन सगळं त्यात घालणं ही पण आपल्या सगळ्यांची पहिली चूक. पाणी जात नाही म्हणजे हवा पण जात नाही, आणि मे मधे तो डबा भट्टी होतो. बोर्ड डब्यात, सेन्सर मोकळ्या हवेत, एवढं लक्षात ठेवा. बॅटरी तर त्या डब्यात नकोच. लिथियमची बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये असं असतं, आणि आपल्याकडे सावलीतच ४५ आहे, उन्हातल्या डब्याचं काय सांगावं. माझी बॅटरी आणि चार्जिंगचं मॉड्यूल मी जिन्याच्या खोलीत आत घेतलं, वायर लांब टाकली.

आता जो मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला आणि ज्यात माझे दोन उन्हाळे गेले तो. बाहेरच्या व्हिडिओंमधे सगळे एकच सांगतात, सेन्सर उत्तरेकडच्या भिंतीवर लावा, तिथे कायम सावली असते. मी लावला. थंडीत खरंच दिवसभर सावली, आकडे छान. पण एप्रिलच्या मध्यात ग्राफमधे एक उडी दिसायला लागली, साधारण साडेचार वाजता, तापमान उतरायला पाहिजे तेव्हा एकदम पाच डिग्री वर. मे च्या मध्यात तीच उडी अडीचलाच यायला लागली. दोन महिन्यांचे ग्राफ एकावर एक ठेवले तेव्हा दिसलं की उडीची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे सरकते आहे. सेन्सर खराब असता तर त्याला तारीख कशी कळली असती? साडेचारला वर जाऊन उभा राहिलो, आणि उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन पडलेलं, डब्यावर बरोबर.

याचं कारण नागपूरची जागा. आपण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. युरोप-अमेरिकेत दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडेच असतो म्हणून त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता चालतो. आपल्याकडे मार्चच्या २१ नंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, आणि जसजसा मे पुढे जातो तसतसा दिवसाचा जास्त भाग तो उत्तरेच्या बाजूनं जातो. २६ मे च्या आसपास नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्याच्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, २५ मे ला लागतो. म्हणजे ज्या नऊ दिवसांत आपल्याला आकडा सगळ्यात जास्त बरोबर पाहिजे, नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेच्या भिंतीवर ऊन असतं. सकाळची उडी माझ्याकडे दिसत नव्हती कारण पूर्वेला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत आहे, तुमच्याकडे मोकळं असेल तर सकाळी पण दिसेल.

म्हणून माझं स्पष्ट मत, नागपुरात भिंतच सोडा. कुठलीही भिंत नको. ऊन गेल्यावर पण ती तासन् तास तापलेली राहते आणि शेजारच्या सेन्सरला शेकत बसते.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर कूलरचं पण सांगतो, कारण यात उलटं होतं, आकडा कमी येतो आणि आपण खूश होतो. एका मित्राकडे मे मधे दुपारी ३७ आणि आर्द्रता ५५ टक्के. आपल्याकडे मे ची दुपार म्हणजे कोरडी ठणठणीत, ५५ टक्के शक्यच नाही. वर जाऊन बघितलं तर सेन्सर खिडकीच्या सज्जाखाली, आणि आत डेझर्ट कूलर चालू. कूलरची हवा बाहेर निघायला खिडकी उघडी ठेवावीच लागते, ती सगळी गार ओली हवा सेन्सरवरून जात होती. ग्राफमधे हे ओळखायला सोपं आहे, तापमान खाली जातं त्याच क्षणी आर्द्रता वर जाते, आणि कूलर बंद केला की दहा मिनिटांत दोन्ही परत जागेवर. कुंड्यांना पाणी घातल्यावर पण असंच थोडंसं होतं, ते मी चालवून घेतो.

मग लावायचा कुठे आणि कसा. हवामान खात्याकडे पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरची कल्पना. थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, खाली शक्यतो गवत, चारही बाजूंनी हवा जाते पण ऊन आत येत नाही. आपल्याला तेच पाहिजे, फक्त स्वस्तात. मी कुंडीखाली ठेवायच्या सहा इंची प्लास्टिकच्या थाळ्या नऊ आणल्या, पांढऱ्या, नर्सरीत मिळतात. उलट्या करून एकावर एक, मधे पीव्हीसी पाइपचे दोन सेंटिमीटरचे तुकडे, आणि तीन थ्रेडेड रॉड आरपार घालून नट आवळले. वरच्या दोन थाळ्या पूर्ण ठेवल्या, खालच्या सात मधे मधोमध अडीच इंची भोक पाडलं आणि सेन्सर त्या पोकळीत मधोमध लटकवला, कुठेही प्लास्टिकला टेकू दिला नाही. लिहायला सोपं आहे, भोकं पाडताना दोन थाळ्या तडकल्या, ड्रिल हळू चालवा, खाली लाकूड ठेवा.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. थाळी पांढरी असली तरी पातळ असेल तर ऊन तिच्यातून आरपार जातं. उन्हाकडे धरून बघा, मागे ठेवलेल्या बोटांची सावली दिसली तर ती थाळी वरच्या जागेला चालणार नाही. मी सगळ्यात वरच्या थाळीच्या आतून ॲल्युमिनियमची टेप लावली आणि वरून पांढरा रंग मारला. थ्रीडी प्रिंटर असणाऱ्यांनी पीएलए या प्लास्टिकमधे हे छापू नका, ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्या गच्चीवर मे मधे झुकलेला, पसरलेला शील्ड, म्हणजे असाच थाळ्यांचा आडोसा, मी डोळ्यांनी पाहिलाय. एएसए नाही तर निदान पीईटीजी प्लास्टिक घ्या.

हे सगळं एका जीआय पाइपवर स्लॅबपासून दोन मीटर वर उभं केलं, गच्चीच्या ज्या कोपऱ्यात कुंड्या आहेत तिथे, भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. पहिल्याच दुपारी ५२ चे ४६.५ झाले, त्या दिवशी सोनेगावचा आकडा ४५.२ होता. लू वाहत असली की फरक अजून कमी, वारा पडला की परत दीड डिग्री. म्हणून मग पाच व्होल्टचा एक छोटा पंखा बसवला, सहा व्होल्टच्या सोलर पॅनलवर सरळ जोडलेला, ऊन जितकं जास्त तितका तो जोरात, मधे बॅटरी वगैरे काही नाही. पंखा वरच्या बाजूला लावायचा आणि हवा खालून वर खेचायची, म्हणजे मोटरची गरमी सेन्सरला लागत नाही. यानंतर दुपारचा फरक अर्ध्या डिग्रीच्या आत आला आणि तिथेच टिकला.

ताडून बघताना वेळ जुळवून बघा. आपल्या इथे निरीक्षणाच्या मुख्य वेळा सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, दिवसाचं कमाल साडेपाचच्या निरीक्षणात नोंदतात आणि किमान सकाळी साडेआठच्या. रात्री दहाला फोनवरच्या कुठल्याही ॲपचा आकडा घेऊन आपल्या सेन्सरशी भांडण्यात अर्थ नाही, तो आकडा पुष्कळदा मोजलेला नसतो, गणितानं काढलेला असतो. आणि सेन्सरवर मुळातच शंका असेल तर बर्फाची परीक्षा घ्या, ग्लासभर बारीक फोडलेला बर्फ, त्यात थोडंसंच पाणी, पाच मिनिटं ढवळत राहायचं, शून्य यायला पाहिजे. स्टीलची कांडी सरळ बुडवा, बाकीचे सेन्सर पातळ पिशवीत घट्ट बांधून. माझे आधीचे काढून टाकलेले दोन्ही सेन्सर, जे मी खराब म्हणून ड्रॉवरमधे टाकले होते, ते या परीक्षेत शून्याच्या अर्ध्या डिग्रीत निघाले. दोन्ही चांगले होते.

एक कळकळीनं सांगतो, कोडमधे "उणे पाच" लिहून मोकळे होऊ नका. मला दोघांनी हाच सल्ला दिला होता. दुपारी पाच कमी केले तर दुपार जुळेल, पण पहाटे जिथे काहीच चूक नव्हती तिथे पाच डिग्री कमी दाखवेल, आणि डिसेंबरमधे जेव्हा नागपुरात खरंच १० च्या खाली जातं तेव्हा तुमच्या गच्चीवर ४ दिसेल.

देखभाल थोडी आहे. लूची धूळ बसून थाळ्या महिन्याभरात मातकट होतात आणि मातकट थाळी तापते, म्हणून मी एप्रिलपासून दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसतो आणि नवतपा लागायच्या आधी एकदा उतरवून धुतो. कुंभारमाशी पोकळीत मातीचं घर करते, ते बघत राहा, हवा बंद पडते. पावसाळ्यात आर्द्रता ९९.९ वर अडकून बसली तर बहुधा सेन्सरवर दव साचलेलं असतं, घरात आणून एक दिवस कोरडा होऊ द्या, येतो परत.

एवढं सगळं करूनही माझा एक फरक राहिला होता, रात्री दहा वाजता आमची गच्ची सोनेगावपेक्षा तीन डिग्री जास्त. सर्किट तपासलं, शील्ड तपासला, बर्फ केला, सगळं बरोबर. मग चप्पल काढून स्लॅबवर उभा राहिलो आणि पाय भाजले, रात्री दहाला. तो आकडा खरा होता, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री हवा गरम करत होता आणि विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर तसं होत नाही. या मार्चमधे बाबांनी आणि मी मिळून अख्ख्या गच्चीवर चुना मारला, दोन हात. मे मधे तो रात्री दहाचा फरक तीनवरून पावणेदोनवर आलाय, आणि वरच्या खोलीत झोपणाऱ्या आईनं ग्राफ न बघताच सांगितलं की यंदा खोली लवकर निवते.